माळवदावरची माती

मराठवाड्यातल्या जुन्या गावांत जमिनीला दोन नावं असतात. पीक येतं ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. महसुली कागदावर जिला गावठाण म्हणतात तीच ही पांढरी. या वाटणीत श्रद्धेचा भाग आहेच, पण त्याखाली मातीचा स्वभाव ओळखण्याचं शहाणपण आहे. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला आणि ज्वारीला ती जेवढी मानवते तेवढीच भिंतीच्या पायाला जाचते. पांढरी चुनखडीच्या अंशाची, बसकी, आणि पुष्कळदा निसर्गाची कमी व माणसांची जास्त. पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, गोठ्यातला गाळ, त्यावर पुन्हा उभी राहिलेली घरं, ती पडून पुन्हा झालेली माती, असं पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलेलं ते टेकाड असतं. पुरातत्त्वाचे अभ्यासक दख्खनमध्ये जुनी वसाहत शोधताना अशीच पांढरीची टेकाडं हेरतात. घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून जे उत्खनन केलं, त्यात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासूनच्या मातीच्या घरांचे थर एकावर एक सापडले. घर पडावं, त्याची माती व्हावी आणि त्या मातीचं पुन्हा घर व्हावं, ही रीत इथे इतकी जुनी आहे. 'शाश्वत वास्तुकला' हा आजच्या परिसंवादांतला शब्द तिच्यापुढे कालचा पोर वाटतो.

या पांढरीवरचं घर म्हणजे माळवद. खानदेशात आणि विदर्भाच्या काही भागांत त्यालाच धाब्याचं घर म्हणतात. बाहेरून पाहिलं तर दगडाची जाड भिंत आणि वर सपाट माती, एवढंच दिसतं. आत गेल्यावर कळतं की घराचा खरा सांगाडा लाकडाचा आहे. तळखड्यावर उभे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, आणि दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. घर किती मोठं, हे चौरस फुटांत न सांगता खणांत सांगत. सरांवर किलचण, म्हणजे आडव्या बारक्या लाकडांचा थर, त्यावर तुराट्या किंवा पळाट्या, त्यावर वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला, मग चिखल, आणि सगळ्यांत वर धोपटून बसवलेली पांढरी किंवा खारी माती. या मातीतला क्षार तिच्या कामी येतो. पहिल्या सरीत ती विरघळल्यासारखी होते, तिचे बारीक कण रंध्रांत शिरून बसतात आणि खाली पाणी उतरायचं थांबतं. उरलेलं पाणी हलक्या उतारावरून पन्हळीकडे जातं. छताला मध्ये एक झरोका असतो, त्याला कुठे साणं म्हणतात, कुठे सवणं. चुलीचा धूर तिथून वर जातो आणि उन्हाचा एक चौकोन सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमिनीवरून सरकत राहतो. पाऊस आला की साण्यावर झाकण घालायला कुणीतरी धावत माळवदावर जातं. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना ही जाड भिंत आणि वरची माती दुपारची उष्णता पिऊन घेतात, आणि ती आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. तेव्हा घरातली माणसं माळवदावर उघड्या आभाळाखाली झोपलेली असतात. हे छप्पर कमी पावसाच्या मुलखातच चालतं. घाटमाथ्यावर आणि खाली कोकणात, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे सपाट माती एक आषाढही काढणार नाही. म्हणून कोकणातून पूर्वेकडे निघालेल्या माणसाला पर्जन्यमानाचा नकाशा लागत नाही, छपरं बसकी होत जातात तसा पाऊस कमी होत जातो.

एवढं सगळं असलेल्या घराला सरकारी भाषेत 'कच्चं' म्हणतात. जनगणनेच्या जुन्या वर्गवारीत माती, न भाजलेली वीट, बांबू, गवत, एवढंच काय लाकूडसुद्धा 'कच्च्या' सामानात मोडतं. भाजलेली वीट, सिमेंट, काँक्रीट पक्क्यात. भिंत आणि छत दोन्ही कच्चं असेल तर ते कुटुंब घरकुलाला पात्र ठरू शकतं. यात वाईट हेतू अजिबात नाही. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला मदत मिळावी म्हणून कुठेतरी रेघ ओढावी लागते. पण ही रेघ सामानावर ओढली गेली आणि घर मोजायची दुसरी एक रीत नजरेआड झाली. चार पिढ्या उभं असलेलं माळवद कच्चं, आणि पंधराव्या वर्षी सळ्या उघड्या पडलेला, गळतो म्हणून वर पत्रा चढवलेला स्लॅब पक्का, असा हा हिशोब आहे. घर कशाचं बांधलं, या प्रश्नाआधी एक प्रश्न विचारायला हवा असं मला वाटतं: ते बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि तो माणूस किती अंतरावर राहतो? प्रदेशाशी नातं सांगणाऱ्या वास्तुकलेची माझ्या लेखी हीच कसोटी आहे. दगड, माती, लाकूड ही तिची साधनं झाली. तिचा जीव मृगाच्या आधी दरवर्षी होणाऱ्या डागडुजीत असतो.

ही कसोटी लावली की काही रूढ समजुती डळमळतात, आणि ते बरंच आहे. 'स्थानिक सामान वापरा' हा पर्यावरणवाद्यांचा आवडता मंत्र घ्या. कोकणातलं मंगळुरी कौल काही कोकणातलं नव्हे. बासेल मिशनच्या मंडळींनी १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि यंत्रावर दाबलेलं, भट्टीत भाजलेलं हे कौल किनाऱ्याकिनाऱ्यानं पसरलं. हातानं वळलेल्या नळीच्या कौलांना त्यानं हटवलं, म्हणजे एका परीनं कुंभाराच्या पोटावर पाय आणला. तरीही आज कौलारू घर म्हटलं की कोकणी माणसाच्या डोळ्यांपुढे तेच येतं. परकं कौल आपलं कसं झालं? माकडानं उडी मारून एक कौल फोडलं तर तेवढंच काढून दुसरं सरकवता येतं, त्याला शिडी आणि एक माणूस पुरतो. शाकारणीची जुनी सवय नव्या वस्तूला जशीच्या तशी लागू पडली. उलट बाजूला जांभा पाहा. जांभा अस्सल स्थानिक. खाणीतून निघताना मऊ, कापावा तसा कापला जाणारा, आणि वारा लागला की कठीण होत जाणारा हा दगड म्हणजे बांधकामासाठी सृष्टीनं दिलेली वीटच. 'लॅटराइट' हे त्याचं नाव विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरूनच आलेलं आहे. पण चिऱ्याच्या खाणी ज्या सड्यांवर चालतात, ते सडे म्हणजे ओसाड माळ नव्हेत. तिथली पावसाळी फुलं आणि पाणी मुरवणारा कातळ पुन्हा घडत नाही, आणि रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर तर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं कोरलेली आहेत. चिरा कुऱ्हाडीनं तासला जात होता तोवर खाणीच्या वेगाला माणसाच्या दंडाची मर्यादा होती. यंत्राच्या पात्याला ती नाही. तेव्हा स्थानिक म्हणजे आपोआप निष्पाप, हे काही खरं नाही.

पण या सगळ्या विवेचनावर एक प्रश्न सावली धरून उभा असतो, आणि माळवदाबद्दल चांगलं बोलणाऱ्यानं त्याला आधी सामोरं गेलं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारीच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानानं हा मध्यम होता. माणसं मारली ती त्यांच्याच घरांनी. ही घरं दगडमातीची होती, माळवदाची होती. ज्या भिंतीच्या गारव्याचं वर्णन मी वर केलं त्याच भिंतींखाली झोपेतली माणसं गाडली गेली. यानंतर दगडाच्या आणि मातीच्या घराचं कौतुक कोणत्या तोंडानं करायचं?

नंतर आलेल्या अभियंत्यांनी पडझडीत जे पाहिलं ते बारकाईनं वाचलं की उत्तराची दिशा मिळते. भिंती दोन-अडीच फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड होत्या, पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या अंगाला तोंड घडवलेले दगड, आतल्या अंगाला दगड, आणि मध्ये गोटे, खडी, माती यांची भर. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुठे नव्हताच, कुठे फार विरळ होता. हादरा बसताच दोन अंगं एकमेकांपासून फाटली, पोटातली भर खाली सरकली आणि भिंत स्वतःच्याच वजनानं बाहेर-आत ढासळली. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नव्हत्या. पुष्कळ घरांत लाकडी सांगाडा, म्हणजे खांब, तुळई आणि खण, भिंती कोसळल्यावरही उभा राहिलेला दिसला. जिथे छताचा भार लाकडावरून काढून भिंतीवर टाकला होता, तिथे ते छतही आलं. आणि त्या छतावर माती होती फूट, दीड फूट, कुठे त्याहून जास्त. दीड फूट माती म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ पाऊण टन. दहा बाय दहाच्या खोलीत झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर साधारण सात टन. एवढी माती मूळ बांधणाऱ्यानं घातलेली नसते. ती साचते. दरवर्षी पावसाआधी माळवद गळू नये म्हणून वर नवी माती टाकायची असते, आणि ती टाकण्याआधी जुनी, पोकळ झालेली माती खरवडून उतरवायची असते. उतरवायला माणसं लागतात, वेळ लागतो, धूळ घरात शिरते. टाकणं सोपं असतं. वर्षाला अर्धं बोट म्हटलं तरी नातवाच्या काळापर्यंत छताचं वजन दुप्पट होतं, आणि खालचे खांब तर आजोबांच्याच वेळचे.

म्हणजे भूकंपानं जे उघडं पाडलं ते दगडामातीचं अपयश होतं त्याहून जास्त कसबाच्या उताराचं होतं, असं मी म्हणेन. लांब दगड घडवायला पाथरवटाला वेळ लागतो, त्याची मजुरी जास्त पडते, आणि भिंत बांधून झाल्यावर तो दगड बाहेरून छोट्या दगडासारखाच दिसतो. न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे द्यायला मालक तयार नसला की ती पहिल्यांदा गळते. सागवान महाग झालं, जंगलं विरळ झाली, सुताराचं काम कमी झालं आणि भार लाकडावरून भिंतीवर सरकला. कुणी म्हणेल, हे सोयीचं समर्थन आहे. चांगलं ते परंपरेचं आणि वाईट ते परंपरेच्या ऱ्हासाचं, असं म्हटलं की परंपरा कधी हरतच नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून हेही कबूल करायला हवं की मराठवाड्याच्या गवंड्याला भूकंपाची तालीमच नव्हती. खुद्द शास्त्राच्या नकाशातही हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दोघांचीही चूक एकच होती. जिथे जमीन वरचेवर हलते तिथलं कसब वेगळं घडलेलं दिसतं. कच्छमधले गोल मातीचे भुंगे २००१ च्या भूकंपात मोठ्या संख्येनं तगले, कारण गोल भिंतीला कोपरा नसतो आणि वरचं छप्पर हलकं असतं. काश्मीरमध्ये लाकडाच्या चौकटीत दगड-विटा भरून उभ्या केलेल्या जुन्या भिंती २००५ मध्ये नव्या बांधकामांच्या शेजारी टिकलेल्या दिसल्या. आणि त्याच २००१ च्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादमध्ये काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. पक्कं सामान कच्च्या हातात गेलं की काय होतं, हे तिथे दिसलं.

किल्लारीनंतर दोन वाटा एकदमच निघाल्या. पन्नासावर गावं नव्या जागी वसवली गेली. शेतजमिनी घेऊन, सरळ रुंद रस्त्यांच्या चौकटीत, कुटुंबाच्या जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं. गाव पांढरीवरून उठून काळीवर गेलं, म्हणायला हरकत नाही. ज्या गावांचं नुकसान कमी होतं तिथे जुनी घरं सुधारायचं ठरलं, आणि त्यासाठीच्या सूचना वाचताना गंमत वाटते. भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं पाडून आरपार दगडाच्या जागी काँक्रीटचे सांधे भरा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरके आधार ठोका, भिंतीला पट्टा बांधा, छतावरची जादा माती उतरवा. यात असं काय होतं जे चांगल्या गवंड्याच्या आणि सुताराच्या आज्याला समजलं नसतं? सिमेंटचा थोडा वापर, तोही नेमक्या जागी, आणि बाकी सगळं जुन्याच व्याकरणात. पण लोकांना दगड नको झाला होता. ज्यांनी आपली माणसं त्याच दगडांखालून ओढून काढली, त्यांच्यापुढे आरपार दगडाचं शास्त्र मांडणं हा क्रूरपणा झाला असता. मी तो करणार नाही. एवढंच म्हणेन की भीतीनं केलेली निवड त्या पिढीची होती. ती पुढे सवय होऊन भूकंप न पाहिलेल्या जिल्ह्यांतही पसरली, तेव्हा तिला भीतीचं कारण उरलं नव्हतं.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. मातीचं घर सुंदर, हे बहुधा ते सारवत नसलेला माणूस म्हणतो. आठवड्याला सारवण, सणाला पोतेरं, पावसाआधी भिंतींचं लिंपण, या डागडुजीचं गुणगान करताना ती कुणाच्या कमरेवर होत होती हे लपवायचं कारण नाही. ती बायकांच्या कमरेवर होत होती, बिनमोल. वडाराचा घण, सुताराची पटाशी, माती वाहणाऱ्यांची डोकी, हे सगळं बलुत्याच्या आणि जातीच्या गणितात स्वस्त पडत होतं. पाटलाच्या वाड्याला घडीव दगडाची दर्शनी भिंत आणि गावकुसाबाहेर कुडाचं खोपट, हीसुद्धा 'प्रादेशिक वास्तुकला'च होती. त्या खोपटातून आलेल्या माणसाला स्लॅबच्या घरात जो मान दिसतो तो खोटा नाही, आणि त्याला 'कार्बनचा ठसा' समजावणाऱ्यानं आधी आपला फ्लॅट कशाचा आहे हे पाहावं. पण यातून निघणारा निष्कर्ष डागडुजी संपवा असा नसून तिचा मोबदला द्या असा आहे. घरकुलासाठी मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर, असा हिशोब कागदावर येतो. तो बांधणीचा असतो. पुढच्या तीस वर्षांच्या देखभालीचं कलम त्यात नसतं, कारण पक्कं घर म्हणजे ज्याला काही करावं लागत नाही ते, अशी आपली भाबडी समजूत. काँक्रीटलाही निगा लागते. ती करणारा गावात नसतो, म्हणून ती होत नाही, इतकंच.

आणि त्या पक्केपणाची किंमत गावाबाहेर कुठेतरी चुकवली जाते. सिमेंटच्या भट्टीत तापमान १४५० अंशांपर्यंत न्यावं लागतं. वर चुनखडी भाजताना तिच्यातूनच जो कार्बन डायऑक्साइड सुटतो तो इंधनाच्या धुरापेक्षा जास्त असतो, त्यामुळे भट्टी सूर्यावर चालवली तरी तो थांबत नाही. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात. धरणाला, पुलाला, दवाखान्याला ते लागणारच. प्रश्न फक्त मराठवाड्यात मे महिन्यात चार इंची स्लॅबखाली झोपणाऱ्या माणसाचा आहे. दुपारी भट्टी आणि रात्रीही भट्टी, पुढे कूलर, त्याचं पाणी, त्याची वीज.

मातीच्या घरांना हल्ली वेगळ्याच दिशेनं बरे दिवस आलेत. डोंगरउतारावरची विश्रामगृहं, शहरी माणसांची शेतघरं, भिंतीत मुद्दाम दाखवलेला दगड, आणि पाडलेल्या वाड्यांतून विकत आणलेले नक्षीचे खांब. वाडा मोडतो, त्याचं सागवान हॉटेलच्या स्वागतकक्षात उभं राहतं, आणि जाहिरातीत 'मातीशी नातं' असं छापलं जातं. यात माती आहे, नातं कुणाशी आहे ते दिसत नाही. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात राहायला गेले तेव्हा घरासाठी सामान आसपासच्या काही मैलांतलंच असावं असा त्यांचा आग्रह होता. वास्तुकार लॉरी बेकर पुढे केरळमध्ये चार दशकं पोकळ जोडाच्या विटांच्या भिंती बांधत राहिले, त्यांनी हीच पाच मैलांची गोष्ट आपली प्रेरणा म्हणून सांगितली. हा नियम आपण दगड-मातीला लावतो. माझ्या मते तो हाताला लावायला हवा. पाच मैलांतून आणलेला दगड पन्नास मैलांवरच्या गवंड्याकडून बसवून घेतला तर पुढच्या पावसाळ्यात भिंतीला फुगवटा आल्यावर कुणाला हाक मारायची? बापूकुटी उभी आहे ती तिच्या मातीमुळे नव्हे, ती दरवर्षी कुणीतरी लिंपतं म्हणून. बेकरांनीही नकाशापेक्षा गवंड्यावर जास्त भिस्त ठेवली. कागदाच्या पाठकोऱ्या तुकड्यावर रेखाटन, बाकीचं साइटवर, हातात वीट घेऊन.

गंमत म्हणजे सरकारच्या घरातही हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. ग्रामविकास मंत्रालयाच्या पुढाकारानं 'पहल' नावाचं एक संकलन निघालं आहे, प्रकृती, हुनर, लोकविद्या अशी तीन नावं पोटात असलेलं. त्यात प्रदेशाप्रदेशाच्या हवामानाला आणि कसबाला धरून घरांचे आराखडे दिले आहेत. घरकुल योजनेत गवंड्यांना प्रशिक्षण द्यायचीही तरतूद आहे. दोन्ही गोष्टी कागदावर शेजारी शेजारी असून गावात भेटत नाहीत. प्रशिक्षण घेतलेला गवंडी पुन्हा चार कॉलम आणि स्लॅब हेच उभं करतो, कारण हप्ता सुटण्यासाठी जोत्याचा, लिंटलचा, छताचा फोटो लागतो आणि त्या फोटोत काय दिसायला हवं हे सगळ्यांना पाठ आहे. आरपार दगड फोटोत दिसत नाही. माळवदाची उतरवलेली माती तर मुळीच दिसत नाही, ती तिथून गेलेली असते.

अजूनही मराठवाड्यात, सोलापूरकडे, खानदेशात काही गल्ल्यांत माळवदं शिल्लक आहेत. रोहिण्या निघाल्या की त्यांवर माणूस चढतो. खाली अंगणात पांढरीचा ढीग ओतलेला असतो, वर माथ्याला फडकं बांधलेला एकटा माणूस, आणि त्याच्याजवळ दोन वस्तू: एक खोरं, एक टोपलं. खोऱ्यानं आधी जुना थर काढायचा, किलचणीचा आवाज ऐकत, पोकळ लागलं की थांबायचं, कुठे सर वाकला आहे ते पाहायचं, आणि मगच टोपल्यानं नवी माती पसरायची. पहिल्या कामाला एक दिवस जातो, दुसऱ्याला एक सकाळ पुरते. मजुरी दिवसावर ठरलेली असते, आणि मालक खालून विचारत असतो की अजून किती वेळ.